इर्जिकीचा चर

११ जाने., शनिवार

भांडगाव. बिरू आबांचं घर. पुढचा कोबा पूर्वेच्या कोपऱ्यात चार बोटं खचलाय. पहारीनं ठोकत गेलो. दारापासून सहा पावलं आवाज घट्ट, पुढे पोकळ. जोतंही तिकडे कलायला लागलंय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी चीर, नखाएवढी.

सून ताराबाई डबे करतात. कंपनीतल्या माणसांचे, रोज तीसेक. शेगडीच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवलाय. आमटी एका अंगाला जाते म्हणाल्या. आधी ते दाखवलं, भिंत नंतर. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. दोन खोल्या आणि पडवी त्यानंतर बांधली, डब्यांवर. आबा, त्या आणि मुलगी अश्विनी.

आबा खाटेवरून बघत होते. "मास्तर, कालिजात शिकवायचं सोडून तुमी भोकं बुजवाय लागला." हसलो. दौंडचं कॉलेज सोडून आठ वर्षं झाली, अजून मास्तर.

पूर्वेला लागून दादांचा बंगला. सगळं गाव त्यांना दादाच म्हणतं. त्याचं तळघर मी कोरडं केलं, दीड वर्षापूर्वी. कंपाउंडवरून नजर तिकडे गेली. काढून घेतली.

१३ जाने., सोमवार

कोपऱ्यात खड्डा घेतला. दोन फुटांवर मुरूम ओला. चार फुटांवर पाणी उभं. पाऊस जाऊन तीन महिने झाले. रामाशिष खड्ड्यातूनच म्हणाला, "साहब, ये ऊपर का पानी नहीं है." बिहारचा माणूस, माझ्याबरोबर सात वर्षं आहे. पाण्याबद्दल चुकलेला आठवत नाही.

कॅनॉलला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं आहे. नऊ-दहा दिवस झाले.

आबा काठी टेकत आले, खड्ड्यात डोकावले. कॅनॉलचं पाणी आमच्या रानात पहिल्यापासून पाझरतं म्हणाले, पण थांबत नाही, चरातून ओढ्याला जातं. कुठला चर, विचारलं. काठीनं मातीत रेघ ओढली. बाभळीपासून, घराच्या कडेनं, सरळ पूर्वेला. दादांच्या कंपाउंडपाशी काठी थांबली.

"फुडं बी हाय. बंगला आत्ताचा. तवा समदं रानच व्हतं. दादाचा बाप आन् मी, इर्जिक घातली. बारा गडी, सा दिस. पुरुषभर खोल. खाली दगूड, दोन्ही अंगाला उभं दगूड, वर झाकणाला दगूड. न्हाईतर पानी धरून दोगांची बी रानं चोपण झाली असती."

इर्जिक म्हणजे गड्यांना मजुरी नाही. दोन्ही घरची चूल पेटायची, बारा जण जेवायचे. पुढं दरवर्षी पाडव्याआधी दोन्ही घरची माणसं चराचं तोंड उघडून हातानं गाळ काढत. दादांचे वडील गेल्यावर ते राहिलं.

मी लेव्हलची नळी गुंडाळत होतो. उलगडली. परत गुंडाळली.

यवतला घरी आल्यावर जुनी वही काढली. तळघराच्या कामाची, मे महिन्यातली नोंद: "प. भिंत, तळाशी. मनगटाएवढी धार. आत दगड. बंद केली. दादा खूश."

आत दगड.

हात कोपरापर्यंत गेला होता. वर सपाट दगड, बाजूंना उभे. रचलेले. हे तेव्हा कळलं होतं की आज कळतंय? वहीत "दगड" आहे, "रचलेले" नाही.

एवढं सरळ आहे. तळघर खणताना पोकलेननं चर तोडला. तोडलेल्या तोंडातून पाणी तळघरात यायचं, दादा मोटर लावून काढायचे. आबांच्या घराखालची जमीन त्यामुळे कोरडी होती. मी त्या तोंडात सिमेंट भरलं. आता पाणी माझ्या सिमेंटला टेकून उभं राहतं आणि मागे आबांच्या जोत्याखाली साठतं.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. रस्त्यात ताराबाई भेटल्या, तिळगूळ दिला. घेतला. पुढचं त्या म्हणाल्या, मी नाही.

१८ जाने., शनिवार

चिरेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकेल. कोपऱ्यावर खूण करून तारीख टाकली.

ताराबाई हात पुसत आल्या. "घर पडंल का, तेवडंच सांगा. बाकीचं तुमचं तुमी बगा."

म्हणालो, स्लॅबला काही नाही. हे खरं होतं. त्यांनी विचारलेलं हे नव्हतं.

२१ जाने., मंगळवार

कोबा उचलला. सोळा भोकं, पंपानं खालून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबलं. तासाभरानं कोपरा हलला, केसाकेसानं वर आला. ताराबाईंनी शेगडीखालचा तुकडा काढून अंगणात फेकला. आबांनी कोब्यावर पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून ठेवला आणि सांडतो का बघत बसले. नाही सांडला. चहा झाला. मला दोनदा दिला.

रामाशिष होज धूत होता. हळूच, "कितने दिन, साहब?"

ऐकू आलं नाही असं केलं.

३० जाने., गुरुवार

आवर्तन बंद झालं. खड्ड्यातलं पाणी दीड फूट उतरलं. काच शाबूत. दिवसभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच चीड.

दादांकडे गेलो. सांगायला गेलो होतो. तळघराच्या जिन्यावर चपलांची रांग. तिथं अभ्यासिका आहे आता. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी, चाळीस टेबलं, फुकट. सकाळी सहापासून. जो पहिला येईल त्याच्याकडे दिवसभर किल्ली, असा नियम. बहुतेक दिवस किल्ली अश्विनीकडे. ताराबाईंची. तिचं टेबल पश्चिमेच्या भिंतीला, बरोबर तिथं.

भिंतीवर तळवा ठेवला. कोरडी. खार फुटलेला नाही, पापुद्रा नाही. चांगलं काम. इतकं चांगलं काम मी दुसरीकडे केलेलं नाही.

दादा बरोबर आलेल्या कोणाला तरी सांगत होते, "हे आपल्या सरांचं. गुडघाभर पाणी असायचं इथं." अश्विनीनं मान वर करून हसून पाहिलं. परीक्षा एप्रिलअखेर.

चहा पिऊन परत. सांगितलं नाही.

८ फेब्रु., शनिवार

मांडवगण फराटा. एका शेतकरी गटाच्या गोदामाची फरशी. मधोमध बशीसारखी खोल झालीय, खालच्या पोत्यांना बुरा. उकरलं तर भरावात नुसती काळी माती. मुरूम लांबून आणावा लागतो, माती शेजारीच होती. काळी माती पाणी मिळालं की फुगते, गेलं की आकसते, वरची फरशी तिच्याबरोबर वरखाली. बांधणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. इथं प्रत्येकाला माहीत असतं.

संचालक म्हणाला, "ज्यानं बांधलं त्याला आता काय धरायचं, सर. पाव्हणाच हाय."

परत येताना भीमेच्या पुलावर गाडी थांबवली. कारण नव्हतं. रामाशिष उतरला नाही.

१६ फेब्रु., रविवार

घरी वैशालीला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता ऐकलं. मग विचारलं, पाणी बंगल्याच्या बाहेरून पाइपनं फिरवता येतं का. येतं, म्हणालो. गेटपासून ओढ्यापर्यंत सहा फूट खोल चर, दादांचे पेव्हिंग ब्लॉक काढून. महिन्याचं काम.

"मग अडलंय कुठं?"

दादांना सांगावं लागेल. आबांना सांगावं लागेल. मी काय बुजवलं ते.

"म्हणजे तुझ्यापाशी अडलंय," म्हणाली आणि पुढची वही घेतली.

४ मार्च, मंगळवार

उन्हाळी आवर्तन सुटलं. यवतच्या पुलावर जाऊन पाहिलं. काठोकाठ, चहाच्या रंगाचं, आवाज नाही. जानेवारीत पाणी आबांच्या खड्ड्यात यायला किती दिवस लागले, आठवायचा प्रयत्न. लिहून ठेवलेलं नाही. आठ? नऊ?

एक दिवसाआड जायचं ठरवलं. 

१० मार्च, सोमवार

६ला गेलो, ८ला गेलो, आज गेलो. खड्डा ओलसर. ताराबाईंनी विचारलं, सर आता कशाला येताय, काम तर झालं. काच बघायला, म्हणालो.

१२ मार्च, बुधवार

पाणी आलं. साडेतीन फुटांवर. काच मधून तडकलेली.

स्वयंपाकघरात मागची भिंत आणि फरशी सुटून मध्ये फट. बोट जातं. मी उचललेला कोबा एका तुकड्यात, आहे तसाच, पण त्याच्याखाली परत पोकळ.

खड्ड्यात मोटर टाकली. दोन तासांत पाण्याबरोबर मुरूम यायला लागला. बंद केली. पाणी ओढलं तर जमीन वाहून जाते, ठेवलं तर मऊ पडते.

ताराबाई म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं हुतं सर. आमची जागाच तसली." माझी समजूत घालत होत्या.

गाडीत बसून वहीत काचेची तारीख टाकली.

१५ मार्च, शनिवार

आबांना सांगितलं. बाभळीखाली, दोघंच. सगळं. भोक, हात, दगड, सिमेंट. ते काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. ओरडतील असं वाटलं होतं.

पहिलं बोलले ते, "पोरगी तितंच बसती."

हो, म्हणालो.

मग, परीक्षेपर्यंत घर कड काढेल का. सांगता येत नाही, म्हणालो.

"भिताडं बगूनच सांगता की तुमी. सांगा."

आवर्तन महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर पाणी असंच उभं राहिलं तर पूर्वेचा पाया बसेल. मी त्या खोलीत झोपणार नाही, म्हणालो.

"मग पडवीत झोपू. ताराला सांगू नका. पोरीला काढंल ती तितनं."

मी कबूल केलं नाही. नाकारलंही नाही. आबा उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. त्याचं ओझं अजून आहे.

१७ मार्च, सोमवार

दादा. पोर्चमध्ये. मी सांगत असताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी विचारलं, चर सातबाऱ्यावर आहे का. नाही. नकाशात? नाही.

"सर, दगड बुजवा असं मी म्हणालो न्हवतो. कोरडं करा म्हणालो. कशानं, ते तुमचं."

खरं आहे.

रागावले नाहीत. पाइपला नाही म्हणत नाही म्हणाले, पण ब्लॉक उखडले की अभ्यासिकेचा रस्ता बंद, चाळीस जणांची परीक्षा सहा आठवड्यांवर. मे महिन्यात बघू. मग, "आन् आबांनी एकदा यावं. एक शब्द टाकावा. शेजारी हायेत. कधी उंबरा चढले न्हाईत बंगला झाल्यापासून."

आबांकडे निरोप नेला.

"इर्जिकीच्या चराला कुनी कुनाला इचारत नसतंय. त्याच्या बापानं मला इचारलं न्हाई, म्या त्याला न्हाई. मालकच न्हाई त्याला, मागायचा कुनाला?"

कंपाउंडच्या दोन्ही बाजूंना एकेकदा जाऊन आलो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे पाणी.

१८ मार्च, मंगळवार

ताराबाईंना सांगितलं. आबांनी नको म्हटलं होतं. छत त्यांच्या डोक्यावर आहे, लपवणारा मी कोण?

भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत.

"तवा दगडं दिसली न्हाईत का?"

"दिसली."

"मंग?"

तव्यावरची भाकरी उलटली. तेव्हा तळघरात दादा मागे उभे होते, बरोबर चार माणसं. धार थांबलेली त्यांना बघायची होती. मलाही बघायची होती. यातलं काहीच बोललो नाही. उत्तर म्हणून ते पुरणारं नव्हतं.

त्यांनी पीठ झाडलं. "शेगडी कुठं मांडू तेवडं सांगा. उद्याचं डबं हायेत."

मी आणि रामाशिषनं शेगडी, सिलिंडर, पिंप पश्चिमेच्या पत्र्याखाली नेलं. खाटाही तिकडेच. चहा विचारला नाही. यापुढे विचारतील असं वाटत नाही.

अश्विनी दारात पुस्तक घेऊन उभी. ऐकत होती. आईनं तिच्याकडे न बघता सांगितलं, उद्यापासून तिकडं जायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

अश्विनी सकाळी सहाला गेली म्हणे, रोजच्यासारखी.

२० मार्च, गुरुवार

दुसरी काच लावली होती, तीही गेली. कोपरा सहा बोटं खाली.

एक उपाय आहे. बाहेर काही खणायचं नाही. तळघरातूनच माझं सिमेंट फोडायचं. पाणी आत येऊ द्यायचं, पण भिंतीच्या कडेनं फरशीत वीतभर नाली कापून, वर लोखंडी जाळी टाकून. टोकाला लहान खड्डा, आपोआप चालणारी मोटर, ती पाणी पूर्वेच्या भिंतीतून चराच्या पुढच्या तोंडात टाकेल. चार दिवसांचं काम. मोजमापं काढली, दोनदा. बसतं. पोरांना पश्चिमेची दहा टेबलं हलवावी लागतील. खोलीत ओल राहील, वास येईल, पण बसता येईल.

दादांना फोन केला. ते बाहेरगावी. ऐकून घेतलं.

"तळघरात परत पाणी? न्हाई सर. ते नको."

भिंत त्यांची. आत भरलेलं सिमेंट कोणाचं?

दिवसभर घरात येरझाऱ्या. वैशालीनं शेवटी गच्चीवर पाठवलं, तिथंही तेच.

२२ मार्च, शनिवार

तळघरातच लिहितो आहे. दुपारचे सव्वातीन. काल लिहिलं नाही.

सकाळी ताराबाईंकडे पूर्वेच्या भिंतीचं गिलाव्याचा पोपडा पडला, परातीएवढा. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी फोन केला नाही. रामाशिषला रस्त्यात अश्विनी भेटली, तिनं सांगितलं. आम्ही ड्रिल घेऊन येतोय, हे त्यानं तिला.

तिच्याकडे किल्ली होती. मी आलो तेव्हा पोरं जेवायला गेलेली. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी टेबलं ओढून खोलीच्या मधे आणत होत्या. पश्चिमेची भिंत मोकळी. मी काही सांगितलं नव्हतं. काल आबांकडे बोलताना मोजमापं तिनं ऐकली असतील.

विचारलं, दादांना माहीत आहे का.

"फोन केला मी त्यांना. म्हटलं, भिंतीला ओल आलीय, सर बघायला येतायत. ते म्हणाले, बघू दे."

भिंतीला ओल नाही. खडखडीत.

"परीक्षा आहे ना तुझी," म्हणालो.

"बसेन की सर कुठंही. पाणी किती उंच येईल, ते सांगा." वीतभर, नालीच्या बाहेर नाही, सांगितलं. तिनं वीत करून भिंतीशी धरली, बघितली, हात खाली घेतला. मैत्रिणींना घरी पाठवलं. स्वतः गेली नाही.

थोड्या वेळानं आबा आले. जिन्यापर्यंत. पहिल्या पायरीवर बसले, खाली उतरले नाहीत. आत बघितलंही नाही. मी विचारलं, दादांना भेटायला आलात का. "नातीला न्यायला," म्हणाले. बसून आहेत.

रामाशिषनं बोटाच्या पेरानं ठोकून जागा शोधली. जवळजवळ दोन वर्षांनंतर मलाही चटकन सापडली नसती. पेन्सिलीनं चौकोन केला. नाली, खड्डा, मोटर, काहीच तयार नाही. आता फोडलं तर पाणी आधी फरशीवर येणार. पोटमाळ्यावर जुना पंप पडलेला आहे, दादांचाच, तो चालतो का ते बघितलं. चालतो. पाण्याचा मार्ग करायला रात्र जाईल. न फोडलं तर महिनाअखेरपर्यंत आबांचा पाया बसेल.

दादांच्या ड्रायव्हरनं वरून हाक मारली, साहेब पाटसपर्यंत आलेत. म्हणजे वीस मिनिटं. अर्धा तास.

फोन वाजतो आहे. दादा. ओल कुठं आली ते विचारतील. आली आहे म्हटलं तर फोडायला वेळ मिळेल. नाही म्हटलं तर का फोडतोय ते सांगावं लागेल. पोरीचं खोटं पण उघडं पडेल.

एकदा वाजून थांबला. परत वाजतो आहे. रामाशिषनं ड्रिल चौकोनावर टेकवून धरलंय, चालू केलेलं नाही. अश्विनी माझ्याकडे बघत नाही.

घेतो.